सोनी सीएक्स४०५ की कॅनन आर८०६? मोजक्या पैशांत कॅमकॉर्डर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्याख्याने आणि रंगमंचावरचे कार्यक्रम चित्रित करायचे आहेत. माणूस एकच, कॅमेरा ट्रायपॉडवर, कार्यक्रम दीड ते अडीच तासांचा, उभे राहायची जागा हॉलच्या मध्यात किंवा मागे. पैसे मोजके असल्यामुळे यादी दोन कॅमेऱ्यांवर आली आहे: सोनी एचडीआर-सीएक्स४०५ आणि कॅनन लेग्रिया एचएफ आर८०६. दोन्ही साधारण एकाच किमतीला मिळत आहेत, दोन्ही फुल एचडी, झूम एकाचा ३० पट आणि दुसऱ्याचा ३२ पट. कोणता घ्यावा?

या कामासाठी कॅनन घ्या. मात्र त्याचे कारण चित्राचा दर्जा हे नाही. खरे कारण लक्षात आले नाही तर कॅमेरा बरोबर निवडूनही उरलेले पैसे भलतीकडे जातील, म्हणून आकडे एकेक करून तपासू.

सेन्सरपासून सुरुवात करू. सोनीचा सेन्सर १/५.८ इंची, कॅननचा १/४.८५ इंची. हे इंच सेन्सरची प्रत्यक्ष मापे नाहीत, जुन्या नळीच्या कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलेली नावे आहेत. प्रत्यक्षात सोनीच्या सेन्सरचा कर्ण जेमतेम ३ मिमी भरतो, कॅननचा साडेतीनच्या आसपास. क्षेत्रफळाच्या हिशेबात कॅनन सुमारे १.४ पट मोठा, म्हणजे अर्धा स्टॉप प्रकाश जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). सोनीच्या सेन्सरची रचना मागून प्रकाश घेणारी आहे, त्यातली वायरिंग प्रकाश अडवत नाही, त्यामुळे हा अर्धा स्टॉप बराचसा भरून निघतो. दोन्ही सेन्सर इतके चिमुकले आहेत की अंधाऱ्या हॉलमध्ये दोघांच्याही चित्रात दाणे दिसणारच. रंगमंचावर एक दिवा जास्त लावून घेतला तर या फरकापेक्षा जास्त पदरात पडते.

झूमच्या आकड्यांनी तर अजिबात फसू नका. ३० आणि ३२ यांतला फरक शून्य धरा. बघायचे ते झूम कुठून सुरू होतो आणि तुमच्या अंतरावर किती लागतो हे. सोनीची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २६.८ मिमीपासून सुरू होते, कॅननची ३८.५ मिमीपासून (आकडा लहान, तितकी चौकट रुंद). कॅननमध्ये ॲडव्हान्स्ड झूम चालू केला तर सुरुवात ३२.५ मिमीपर्यंत येते. चौकटीत किती रुंदी मावेल याचा सोपा हिशेब: कॅमेऱ्यापासूनचे अंतर गुणिले ३८, भागिले ही फोकल लांबी. दहा मीटर रुंद रंगमंच पूर्ण दिसायला सोनी सुमारे ७ मीटरवर चालतो. कॅननला १० मीटर मागे जावे लागते, ॲडव्हान्स्ड झूममध्ये साडेआठ. तुम्ही हॉलच्या मध्यात उभे राहणार असाल तर हे अंतर तसेही मिळते. छोट्या खोलीत, वर्गात किंवा घरातल्या समारंभात मात्र सोनीचा हा फायदा मोठा आहे, तिथे कॅननची पाठ भिंतीला टेकेल.

आता दुसरे टोक. वीस मीटरवरून वक्त्याची कंबरेपर्यंतची चौकट हवी असेल तर चौकटीची रुंदी साधारण १.८ मीटर धरा. त्याला ४२० मिमीच्या आसपास फोकल लांबी लागते, म्हणजे सोनीवर १६ पट आणि कॅननवर ११ पट. दोन्ही कॅमेऱ्यांत झूमचा बराच भाग वापराविना राहतो, आणि तो राहिलेलाच बरा. कारण दोन्ही लेन्सचे छिद्र रुंद टोकाला एफ/१.८ असते (हा आकडा वाढला की प्रकाश कमी), पण झूम वाढेल तसे ते आवळत जाते आणि पूर्ण झूमवर सोनीत एफ/४, कॅननमध्ये एफ/४.५ उरते. प्रकाश सोनीत पाचपट घटतो, कॅननमध्ये सहापटीहून जास्त. कॅमेरा मग गेन, म्हणजे सिग्नलची कृत्रिम वाढ, चढवून चित्र उजळवतो आणि काळ्या पडद्यावर मुंग्या चालू लागतात. मागच्या भिंतीपाशी उभे राहून पूर्ण झूम केलेल्या चित्राला कितीही महागडा एडिटिंग प्रोग्रॅम वाचवू शकत नाही. आठ ते बारा मीटरवर, मधल्या वाटेच्या कडेला जागा मागून घ्या. फुकटात होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

जाता जाता, खरा झूम ओळखायची खूण. लेन्सच्या कडेवर प्रत्यक्ष फोकल लांबी (३५ मिमीच्या हिशेबातली नव्हे) छापलेली असते. सोनीवर १.९–५७ मिमी, कॅननवर २.८–८९.६ मिमी. मोठ्या आकड्याला लहानाने भागले की ऑप्टिकल झूम मिळतो: ३० आणि ३२. खोक्यावरचा ३५० पट किंवा ११४० पट हा डिजिटल झूम असतो, तो मेनूतून बंद करून विसरून जायचे. हीच कसोटी अनोळखी नावाच्या ‘४के’ कॅमकॉर्डरांना लावा. त्यांच्या लेन्सवर बहुधा एकच आकडा असतो, म्हणजे झूम नाहीच. त्यातल्या अनेकांत फोकसही पक्का बसवलेला असतो. तिसरा पर्याय म्हणून त्यांच्याकडे वळायचा मोह होईल, वळू नका.

इथवर दोन्ही कॅमेरे जवळपास बरोबरीत आहेत. फरक पडतो तो पुढे. कॅननला बाहेरचा माइक जोडायचे ३.५ मिमीचे सॉकेट आहे आणि हेडफोन लावायची सोय आहे. सोनी सीएक्स४०५ला दोन्ही नाहीत.

व्याख्यानाच्या चित्रीकरणात चित्र थोडे मऊ आले तर चालते, शब्द कळले नाहीत तर रेकॉर्डिंग वायाच. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक बारा मीटरवरून काय ऐकतो याचा विचार करा. वक्त्याच्या छातीवरचा माइक तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असतो. बारा मीटर म्हणजे त्याच्या ४० पट. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे ४० पट अंतराला ३२ डेसिबल गेले. याउलट भिंतींवरून परतणारा घुमारा हॉलभर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे मागे उभ्या कॅमेऱ्याला वक्ता कमी आणि हॉल जास्त ऐकू येतो. पंखा, खुर्च्यांची करकर आणि शेजारच्याचा खोकला तर अगदी हाताशी. हे नंतर कुठल्याही फिल्टरने सुटत नाही, कारण घुमारा त्याच आवाजाचा बनलेला असतो. कॅमेऱ्यावर शॉटगन माइक (एकाच दिशेने ऐकणारा लांबट माइक) बसवून हे सुटेल असे अनेकांना वाटते. बंद हॉलमध्ये तेवढ्या अंतरावरून त्याचा उपयोग नाममात्र होतो. माइक बोलणाऱ्याजवळ गेला पाहिजे, दुसरा इलाज नाही.

कॅननला आवाज पोहोचवायचे मार्ग तीन. एकच वक्ता असेल तर कॉलरचा माइक आणि लहान वायरलेस संच. रिसीव्हर कॅमेऱ्याजवळ, ट्रान्समीटर वक्त्याच्या कंबरेला. स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच असते आणि माणसाचे शरीर या लहरी चांगल्याच अडवते. म्हणून ट्रान्समीटर वक्त्याच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला लावा आणि रिसीव्हर प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर येईल असा ट्रायपॉडच्या वरच्या भागाला बांधा. हॉल रिकामा असताना केलेली चाचणी ग्राह्य धरू नका. लोक भरल्यावर पल्ला कमी होतो. वायरलेस परवडत नसेल तर तारेचा कॉलर माइक चालेल, पण साधी दोन पदरी तार दहा-बारा मीटर ओढली की विजेच्या वायरींचा गुणगुणाट त्यात शिरतो. कॅननसाठी स्वतःची बॅटरी असलेला माइक निवडा. कॅमेऱ्याकडून वीज मिळेल या भरवशावर घेतलेला माइक मुका राहू शकतो. फोनसाठीच्या कॉलर माइकच्या प्लगवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांचा प्लग लागतो. तीन रेघांचा प्लग सॉकेटात बसतो खरा, पण आवाज येत नाही किंवा खरखरत येतो. त्यासाठी वेगळा ॲडॅप्टर मिळतो.

दुसरा मार्ग हॉलच्या मिक्सरमधून आवाज घ्यायचा. ऐकायला सर्वांत सोपा, आणि सर्वांत जास्त घोटाळेही इथेच होतात. मिक्सरचा सिग्नल लाइन पातळीचा, म्हणजे जोरकस असतो, कॅमेऱ्याचे सॉकेट माइक पातळीच्या क्षीण सिग्नलसाठीचे. दोघांत साधारण ४० डेसिबलचा फरक असतो. मिक्सर सरळ जोडला तर आवाज फाटतो, आणि पातळी कमी करूनही फाटलेलाच राहतो, कारण तो कॅमेऱ्याच्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्येच चेपला गेलेला असतो. मधे ४० डेसिबल कमी करणारी ॲटेन्युएटर वायर लागते. दुसरा घोटाळा जास्त लबाड आहे. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटातून (त्यात एकच सिग्नल सुलट आणि उलटा असा दोन तारांनी येतो) साध्या वायरीने स्टीरिओ माइक सॉकेटात सिग्नल घेतला की डाव्या चॅनेलवर मूळ सिग्नल येतो आणि उजव्यावर त्याचाच उलटा. हेडफोनमध्ये थोडे विचित्र पण चालण्यासारखे वाटते. तोच व्हिडिओ कुणी फोनच्या एका स्पीकरवर लावला की दोन्ही चॅनेल एकमेकांना खोडतात आणि आवाज गायब होतो! असा व्हिडिओ हातात आलाच तर एडिटिंगमध्ये उजवा चॅनेल काढून टाका आणि डावा दोन्हीकडे टाका. तिसरी अडचण गुणगुण. मिक्सर एका प्लगवर आणि कॅमेऱ्याचा चार्जर दुसऱ्यावर असेल तर जमिनीच्या तारांचे वेटोळे तयार होते. कॅमेरा बॅटरीवर घेतला की गुणगुण थांबली, तर निदान पक्के. कायमचा उपाय म्हणजे मधे लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

मिक्सरच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, त्यात फक्त माइकवर आलेले आवाज असतात. माइकशिवाय वाजणारा तबला किंवा प्रेक्षकांचा हशा तिथे नसतो. बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा अंगचा माइक बंद होतो, त्यामुळे व्हिडिओ कोरडा वाटतो. व्याख्यानाला ते चालते, नाटकाला नाही.

नाटकासाठी तिसरा मार्ग बरा: रंगमंचाच्या पुढच्या कडेवर, पातळ फोमच्या तुकड्यावर ठेवलेला वेगळा रेकॉर्डर, आवाज नंतर जोडायचा. फोम विसरलात तर पावलांचे धपधप आवाज संवादांपेक्षा मोठे येतात.

हा तिसरा मार्ग सोनीलाही खुला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सोनीची बाजू इथेच मांडता येते. तुमच्याकडे आधीच चांगला व्हॉइस रेकॉर्डर असेल किंवा एखादा जुना फोन रेकॉर्डर म्हणून देता येत असेल, तर सोनी घेऊनही काम होते. फोन विमान मोडवर टाका, ४८ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्ही (न आकसलेली आवाजाची फाइल) निवडा, कॉलर माइक लावून वक्त्याच्या खिशात ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि शेवटी पुन्हा एक. शेवटची टाळी लोक विसरतात, आणि खरे काम तिचेच असते. दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. दोन तासांनंतर ओठ आणि शब्द उघडच विस्कटतात. दोन्ही टाळ्या असल्या की आवाजाचा ट्रॅक तेवढाच ताणून किंवा आकसून बसवता येतो. हे सगळे जमते, पण प्रत्येक कार्यक्रमामागे एडिटिंगचे काम वाढते. आणि कार्यक्रम चालू असताना रेकॉर्डर बंद पडला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण ऐकायला हेडफोनच नाही. एकट्याने काम करणाऱ्याला ही जोखीम परवडत नाही, म्हणून माझा कौल कॅननला.

पैशांची वाटणी अशी करा. एकूण रक्कम १०० धरली तर कॅमेऱ्यावर ५५च्या वर जाऊ नका. २० माइकसाठी, १५ ट्रायपॉडसाठी, बाकी १० कार्ड आणि जादा बॅटरी. नवा कॅमेरा ५५मध्ये बसत नसेल तर वापरलेला घ्या, पण माइकचे २० कापू नका. सोनी २०१५चा आहे आणि कॅनन २०१७चा, त्यामुळे वापरलेले नग सहज सापडावेत. ट्रायपॉडला १५ जास्त वाटतील. वक्ता इकडून तिकडे चालू लागला की स्वस्त फोटो ट्रायपॉडचे डोके आधी अडते आणि मग झटक्यात सुटते. १५ पट झूमवर तो झटका आख्खा माणूस चौकटीबाहेर फेकतो. व्हिडिओसाठीचे, तेलाचा अवरोध असलेले डोके हवे. ते महाग वाटत असेल तर वापरलेले घ्या, पण पाय आधी पिरगळून बघा. डोके गुळगुळीत आणि पाय डगमगते अशी जोडी फार आढळते. स्क्रू दोन्ही कॅमेऱ्यांना तोच, पाव इंची.

कार्डाचा हिशेब डोळे झाकून करू नये. सोनीत सर्वांत वरचा दर्जा एक्सएव्हीसी एस नावाच्या रेकॉर्डिंग प्रकाराचा, ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट). आठने भागले की सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट, तासाला साडेबावीस जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर पावणेतीन तास. त्यासाठी एसडीएक्ससी प्रकारचे, म्हणजे ६४ जीबी किंवा मोठे, क्लास १० मायक्रो एसडी कार्ड लागते. कॅननमध्ये एमपी४चा वरचा दर्जा ३५ एमबीपीएस, तासाला पावणेसोळा जीबी. एव्हीसीएचडी या दुसऱ्या रेकॉर्डिंग प्रकाराचा २८ एमबीपीएस, तासाला साडेबारा. कॅननला पूर्ण आकाराचे एसडी कार्ड बसते. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, त्यामुळे दोन्हींना तेवढा वेग पुरतो. ४केसाठीची महाग कार्डे घेऊन इथे काही साधत नाही. घेतलेले कार्ड खरे आहे का ते मात्र पहिल्याच दिवशी पाहा. खोट्या कार्डावर आकडा ६४ दिसतो, आत ८ असते, आणि त्यापुढचे सगळे रेकॉर्डिंग हवेत जाते. कार्ड पूर्ण भरून परत वाचणारा एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३सारखा मोफत प्रोग्रॅम चालवा.

५० एमबीपीएस आणि ३५ एमबीपीएस यांतला फरक तुमच्या कामात दिसेल का? स्थिर ट्रायपॉड, काळा पडदा, एक माणूस: नाही दिसणार. झाडांची सळसळ किंवा पाण्याच्या लाटा असत्या तर कदाचित. दोन्हींत ५० फ्रेम प्रोग्रेसिव्हचा (प्रत्येक फ्रेम अख्खी) दर्जा निवडा. इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचा) निवडलात तर हात हलला की कडांवर कंगव्याचे दाते दिसतात, ते नंतर काढत बसावे लागते.

फ्रेमचा विषय निघालाच आहे तर, वापरलेला किंवा बाहेरून आणलेला नग घेताना तो कुठल्या विजेसाठी बनला आहे ते बघा. आर८०६ हा ५० हर्ट्झच्या देशांसाठीचा. त्याचाच ६० फ्रेमचा भाऊ व्हिक्सिया एचएफ आर८०० नावाने विकला गेला. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ६० फ्रेमच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमला लुकलुकीचा वेगळा तुकडा मिळतो आणि भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे सरकत राहतात. ६० हर्ट्झच्या देशात ५० फ्रेमचा कॅमेरा नेला तर हाच प्रकार उलटा. स्वस्तात मिळाला म्हणून चुकीचा भाऊ घेऊ नका.

कार्यक्रमाच्या दिवशी ऑटोवर सोडून चालत नाही अशा चार गोष्टी आहेत. पहिली एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचे ते. काळ्या पार्श्वभूमीवर उजेडात उभा माणूस असला की ऑटो सगळ्या चौकटीची सरासरी काढतो आणि चेहरा पांढरा पुठ्ठा होतो. जळालेला चेहरा नंतर परत येत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत स्पॉटलाइट नावाचा सीन मोड आहे, तो लावा. तेवढ्याने भागले नाही तर एक्स्पोजर हाताने एक ते दीड स्टॉप खाली आणा. छोट्या स्क्रीनवर चित्र जरा अंधारे वाटले पाहिजे. दुसरी गोष्ट कमी प्रकाशात शटर आपोआप मंद करण्याची सोय. कॅननमध्ये ऑटो स्लो शटर, सोनीत लो लक्स. चित्र उजळते पण हलणारे हात शेपट्या सोडतात. बंद ठेवा. तिसरी फोकस. दिवे मंदावले की ऑटो फोकस मागेपुढे शोधत राहतो. वक्ता पोडियमवरच उभा राहणार असेल तर त्याच्यावर पूर्ण झूम करा, फोकस बसू द्या, हाताच्या फोकसवर टाका आणि मग हवी ती चौकट घ्या. इथे कॅननचा स्पर्शाचा स्क्रीन कामी येतो. सोनीचा स्क्रीन स्पर्शाचा नाही, लहानशा दांडीने मेनूत फिरावे लागते आणि तेवढ्यात ट्रायपॉड हलतो. चौथी गोष्ट इमेज स्टॅबिलायझेशन. ट्रायपॉडवर ते बंद ठेवा, नाहीतर पॅन (कॅमेरा आडवा फिरवणे) थांबवल्यावरही चित्र अर्धा क्षण आपोआप सरकते.

आवाजाची पातळी कॅननमध्ये हाताने ठेवता येते, ती तशीच ठेवा. ऑटोवर वक्ता थांबला की खोलीचा सुसकारा वर चढतो आणि टाळ्या पडल्या की पुढची दोन वाक्ये दबतात. बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, टाळ्या उणे ६च्या पुढे जाऊ देऊ नका. हेडफोन कान झाकणारे घ्या. त्यात आवाज येत नसेल तर ते सॉकेट मेनूत एव्ही आउटऐवजी हेडफोनवर लावले आहे का ते पाहा.

बॅटरीबद्दल थोडक्यात: सोबत आलेली बॅटरी अडीच तास टिकेल असे गृहीत धरू नका. बसल्या जागी वीज असेल तर ॲडॅप्टर लावा, आणि ॲडॅप्टर लावला तरी बॅटरी आत ठेवा, कुणाचा पाय वायरीत अडकला तर रेकॉर्डिंग वाचते. सोनीची एनपी-बीएक्स१ आरएक्स१०० मालिकेच्या फोटो कॅमेऱ्यांतही बसते, त्यामुळे ती सहज मिळते. कॅननमध्ये दुसऱ्या कंपनीची बॅटरी टाकल्यास तिच्याशी संवाद होत नसल्याची सूचना येऊ शकते आणि उरलेला वेळ दिसत नाही. तेव्हा जादा बॅटरी शक्यतो कंपनीचीच.

एव्हीसीएचडीमध्ये चित्रित केले तर मोठे रेकॉर्डिंग २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत पडते. कार्डावरून सुटे तुकडे ओढून घेतले की जोडावर आवाज क्षणभर तुटतो. कार्डावरची संपूर्ण फोल्डर-रचना जशीच्या तशी कॉपी करा आणि एडिटिंग प्रोग्रॅमला त्या फोल्डरमधून आयात करू द्या. फायलींची नावे बदलू नका.

राहिला वापरलेला नग तपासण्याचा भाग. सोबत स्वतःचे कार्ड, बॅटरीचा माइक आणि हेडफोन न्या. स्क्रीन उघडून सावकाश पूर्ण फिरवा. एखाद्या कोनात चित्र गेले किंवा रेघा आल्या तर बिजागरीतली पट्टी तुटत आली आहे. लेन्स टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. धुळीचे दोन कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नको. पूर्ण झूम करून लांबच्या अक्षरांवर फोकस बसवा आणि सावकाश रुंद टोकाला या. वाटेत चित्र कायमचे मऊ पडले किंवा एकच कोपरा धूसर राहिला तर लेन्स आपटलेली आहे. लेन्सवर हात झाकून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. काळ्यावर न हलणारे पांढरे, लाल ठिपके म्हणजे सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल, आणि तुमच्या काळ्या पडद्यावर तेच सर्वांत आधी दिसणार. मग तीस मिनिटे सलग रेकॉर्ड होऊ द्या. गरम झाल्यावर बंद पडणारे कॅमेरे पहिल्या पाच मिनिटांत पकडले जात नाहीत.

आणि कॅनन असेल तर माइक सॉकेटात घालून, रेकॉर्डिंग चालू ठेवून, प्लग बोटांत धरून हलकेच गोल फिरवा. हेडफोनमध्ये कडकड झाली किंवा एक बाजू गेली तर सॉकेटचा टाका सैल आहे. विकणारा भाव पाडून देईल, पण असा कॅनन घेऊ नका. तो टाका दुरुस्त करायला कॅमेरा पूर्ण उघडावा लागतो. तेवढ्या पैशांत धड चालणारा सोनी आणि वेगळा रेकॉर्डर मिळत असेल तर तो घ्या.